थांबला तो पडला

सायकलवरून पडण्याचे जेवढे म्हणून प्रतिष्ठित प्रकार आहेत, त्या सगळ्यांत वेग असतो. उतारावर वळण चुकतं, खडीवर चाक घसरतं, कुत्रं आडवं येतं. पडणाऱ्याला निदान सांगायला एक गोष्ट मिळते. क्लिपलेस पेडलवरचं पडणं यात कुठेच बसत नाही. सिग्नल लाल होतो, सायकल शिस्तीत थांबते, स्वार फोटोला उभा असल्यासारखा क्षणभर स्थिर राहतो आणि मग बुटांसकट, सायकलसकट, एखादं कपाट कलंडावं तसा सावकाश आडवा होतो. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं, माणसाला चक्कर आली. तो पाण्याची बाटली घेऊन धावतो. “काय झालं काका?” याला खरं उत्तर आहे “बूट पायडलला अडकलेत”, पण ते ऐकून रिक्षावाल्याची काळजी वाढतेच. अशा वेळी दोष पेडलला दिला जातो, नाहीतर स्वाराच्या धांदरटपणाला. माझ्या मते दोघेही निर्दोष आहेत. दोष असलाच, तर तो लहानपणी सायकल फार चांगली शिकल्याचा आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘क्लिपलेस’ म्हणायचं आणि बूट तर खटकन अडकवायचा, हे ऐकून दुकानात नवखा हमखास बुचकळ्यात पडतो. पण निर्धूर चूल म्हटल्यावर तिच्यात विस्तव नसेल असं आपण समजत नाही. जे गेलं त्याचं नाव तिला मिळालं, एवढंच. इथेही तसंच. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलांवर धातूचा पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असे, त्या पिंजऱ्याला टो क्लिप म्हणत. ती क्लिप गेली म्हणून हे पेडल क्लिपलेस. कल्पना तशी जुनी: चार्ल्स हॅन्सन नावाच्या गृहस्थांनी 1895 सालीच पिळून अडकणारं आणि पिळून सुटणारं पेडल शोधलं होतं. 1970 च्या दशकात इटलीच्या सिनेलीनं एम 71 काढलं. त्यातून पाय सोडवायचा तर चालत्या सायकलवरून खाली वाकून हातानं खटका सरकवावा लागे. सायकलपटूंनी त्याला मृत्यूचं पेडल असं लाडाचं नाव ठेवलं आणि ते फारसं कुणी वापरलं नाही, यावरून सायकलपटूंनाही जिवाची चाड असते हे सिद्ध होतं. गाडी रुळावर आली ती 1984 मध्ये, फ्रान्समधल्या लूक या कंपनीमुळे. पुढच्याच वर्षी बर्नार इनो हे पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि पट्ट्यांचे दिवस भरले.

आता गंमत अशी की, लूक ही मुळात स्कीचे बूट फळीला अडकवणाऱ्या खटक्यांची कंपनी. बर्फावरून घसरणारा माणूस पडला की त्याचा पाय पिरगळतो, तो जोर ठरावीक मर्यादेबाहेर गेला की खटका उघडतो आणि हाड वाचतं. तेच तत्त्व पेडलला आलं: टाच बाहेरच्या बाजूला वळवा, बूट सुटतो. म्हणून वेगात पडणाऱ्या सायकलस्वाराचे पाय बहुतेक वेळा आपोआप मोकळे होतात, कारण त्या धडपडीत पीळ बसतोच. सिग्नलला कलंडणाऱ्याच्या बाबतीत मात्र पीळ नावाचा प्रकारच नसतो. पाय, पेडल, क्रँक आणि सायकल अशी सगळी मंडळी एकाच कोनात, एकमेकांशी पूर्ण सहमतीनं खाली येतात. खटक्याच्या दृष्टीनं काहीही बिघडलेलं नाही. तो सोडेल कशाला? थोडक्यात, ही योजना गंभीर अपघातासाठी आहे, किरकोळ फजितीची दखल घेणं तिच्या अधिकारकक्षेत येत नाही.

मग टाच बाहेर वळवावी, त्यात काय मोठंसं? इथे बालपण आडवं येतं. तासावर भाड्यानं आणलेल्या सायकलवर, नळीखालून तंगडी घालून, गुडघे फोडून घेत जे ज्ञान मिळवलं त्याचा अर्क एवढाच: तोल गेला की पाय सरळ खाली टेकव. हे ज्ञान डोक्यात नसतं, पायातच असतं, आणि तीस-चाळीस वर्षांत त्यानं एकदाही दगा दिलेला नसतो. क्लिपलेस पेडल त्याच्याकडे पहिल्यांदाच वेगळी दिशा मागतं. संकट आलं की पाय निष्ठेनं खाली दाबतो, मग वर ओढतो, मग आणखी जोरात वर ओढतो. आडवा वळत मात्र नाही. त्यातून रोड बाइकची सीट इतकी उंच ठेवलेली असते की बसल्या जागी जमिनीला पाय पोचतच नाही, म्हणजे बूट सोडवून सीटवरून पुढेही उतरायचं. थांबलेली सायकल या दोन कामांना जेमतेम सेकंद-दीड सेकंद देते. या अवस्थेला लोक अभिमन्यूची उपमा देतात, ती मला पटत नाही. अभिमन्यूला बाहेर पडण्याची विद्या माहीतच नव्हती. आपल्या स्वाराला ती दुकानदारानं दोनदा करून दाखवलेली असते. ती नेमकी वेळेवर आठवत नाही. हा कर्ण आहे. जमिनीत रुतणारं चाकसुद्धा जुळतं.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात, ॲलन कीनं स्प्रिंग सैल करा, काम झालं. स्प्रिंग जरूर सैल करावी, पण तिनं फक्त लागणारा जोर कमी होतो, दिशा तीच राहते. सरळ वर ओढणाऱ्या पायाला सैल स्प्रिंगही ओळख दाखवत नाही. दुसरा सल्ला, गावात एकच पाय अडकवावा. यात अर्धं शहाणपण आहे, कारण सायकल कुठल्या बाजूला कलंडेल हे तिचं तीच ठरवते. आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याचा उतार कडेकडे असतो, तेव्हा मोकळा ठेवायचा तो डावा पाय, हे खरं. उजव्याची हौस करणाऱ्याच्या पोटरीवर चेनरिंगच्या दातांचा काळाकुट्ट ठसा उमटतो तो वेगळाच. मुरलेले लोक त्यावरूनच नवखा ओळखतात. पण डावीकडे पाय टेकवायला जी जागा मिळते तीत निखळलेला पेव्हर ब्लॉक असतो किंवा गटाराचं झाकण, आणि बुटाखाली बसवलेल्या, पेडलात अडकणाऱ्या क्लीटचं गुळगुळीत प्लॅस्टिक झाकणावर साबणासारखं सरकतं. म्हणजे अनक्लिप करूनही पडण्याची सोय आहेच.

सगळ्यांत रास्त आक्षेप घरातून येतो: एवढं आहे तर साधी पायडलं काय वाईट होती? प्रामाणिकपणे सांगायचं तर, पाय वर ओढूनही ताकद मिळते म्हणून क्लिपलेस घ्या, हा दुकानातला युक्तिवाद लंगडा आहे. 2007 मध्ये थॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी आठ सायकलपटूंना चार तऱ्हांनी पेडल मारायला लावलं, तेव्हा मुद्दाम वर ओढण्याची तऱ्हा शक्तीच्या हिशोबात सर्वांत खर्चिक निघाली. शॉन केलीनं तर 1989 साली टूरची हिरवी जर्सी चौथ्यांदा जिंकली तेव्हाही त्याच्या पायाला जुने पट्टेच होते. फायदा आहे तो साधा आणि घरच्यांना सांगायला कंटाळवाणा: मिनिटाला नव्वद फेऱ्या मारताना, पावसात, खड्ड्यात, घाट उभं राहून चढताना पाय घसरत नाही आणि रोज नेमक्या त्याच जागी बसतो. शंभर-दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला हे पुष्कळ आहे. चौकातल्या दूधकेंद्रावर जाणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही, आणि घरचे तेच म्हणत असतात.

तेव्हा प्रश्न उरतो तो फक्त पायाच्या मतपरिवर्तनाचा, आणि पाय युक्तिवादाला बधत नाही, घोकंपट्टीला बधतो. भिंतीला हात लावून उभं राहायचं आणि आत-बाहेर, आत-बाहेर, पाढे म्हणावेत तसं शंभरदा करायचं. मग मोकळ्या मैदानात, थांबण्याच्या वीस-पंचवीस मीटर आधीच टाच सोडवून ठेवायची. सिग्नल हिरवा असला तरी तो लाल होणारच असं धरून चालायचं. हे काही दिवसांत अंगवळणी पडतं, आणि पडतं ते इतकं, की मग पायाला दुसरं काही सुचत नाही. असा मुरलेला सायकलपटू रविवारी घरची जुनी सायकल काढून, पायात स्लिपर घालून कोथिंबीर आणायला जातो. मंडईपाशी ब्रेक दाबल्याबरोबर डावी टाच आपणहून बाहेर झटकली जाते, आणि स्लिपर कांद्याच्या ढिगावर जाऊन पडते.