ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्याकडे यादी

आमच्या चौघांच्या कंपूत दोघांकडे फोर बाय फोर गाड्या आहेत, एकाकडे कॅल्क्युलेटर आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे. त्यामुळे ऑक्टोबरात वेल्ह्याच्या बाजूला दोन दिवस ऑफरोडिंगला जायचं ठरलं, तेव्हा कामाची वाटणी करायला कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. गाडीवाले गाड्या तयार करणार, सीए हिशेब ठेवणार आणि मी यादी करणार. असल्या मोहिमांचा नियमच आहे: ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्याकडे यादी.

मित्रांची नावं सांगत नाही. तिघांनाही बायका आहेत आणि खर्चाचा खरा आकडा अजून एकाही घरात पोचलेला नाही. धंद्यावरून ओळखा: एक डॉक्टर, एक इंजिनिअर, एक सीए.

डॉक्टरकडे थार आहे. तिच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर जागा आहे आणि ती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, हे आकडे तो पेशंटच्या चष्म्याच्या नंबरासारखे तोंडपाठ म्हणून दाखवतो. प्रत्यक्षात तीन वर्षांत ती पाण्यात एकदाच उतरली होती, सोसायटीची टाकी भरून वाहिली तेव्हा. इंजिनिअरकडे जिप्सी आहे. लष्कराच्या लिलावातून सुटून तीन मालकांचा संसार करून ती त्याच्याकडे नांदायला आली. तो तिच्याबद्दल बोलताना ‘गाडी’ म्हणत नाही, ‘ती’ म्हणतो. “आज तिला जरा बरं नाहीये” असं तो फोनवर म्हणाला, की घरात मागे भांडी जोरात आपटल्याचा आवाज येतो.

पहिल्या बैठकीत यादी बारा कलमांची होती. दोर, जॅक, पाना, टॉर्च, फावडं, ताडपत्री असली सालस मंडळी. तिसऱ्या बैठकीनंतर ती सत्त्याऐंशी कलमांवर गेली. कारण प्रत्येक जण आपापल्या भीतीची भर घालत होता. खर्च अंगावर येईल या भीतीने सीएने ‘पावतीपुस्तक’ घातलं. गाडी बंद पडेल या भीतीने इंजिनिअरने एक अख्खी जिप्सी सुट्या भागांत घातली. डॉक्टरने औषधांची पेटी स्वतःकडे घेतली. ती उघडून पाहिली तर आत डोळ्यांत घालायचे अकरा प्रकारचे थेंब. तो डोळ्यांचा डॉक्टर आहे, हे आम्ही ऐन उत्साहात विसरलो होतो.

“अरे, आणि साप चावला तर?” मी विचारलं.

“कुठे चावतो त्यावर आहे,” तो म्हणाला. “डोळ्याला चावला तर मी आहेच.”

मग गंभीर होऊन त्याने सांगितलं, की सर्पदंशावर पेटीतलं काहीही उपयोगाचं नाही, हलवायचं नाही, कापायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. मी यादीत अठ्ठेचाळिसावं कलम लिहिलं: दवाखान्याचा रस्ता.

सगळ्यात मोठं भांडण हवेवरून झालं. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये साधारण ३२ पौंड हवा असते. चिखलात ती उतरवायची. टायर थोडा बसतो, जमिनीवर त्याचा ठसा लांबट होतो, वजन पसरतं आणि चाक रुतण्याऐवजी धरून चालतं. उंटाचा पाय पसरट का असतो, तेच शास्त्र. इथवर एकमत होतं. डॉक्टर म्हणाला १८ करायची, इंजिनिअर म्हणाला २०. या दोन पौंडांवर तीन आठवडे गेले. इंजिनिअरने आलेख काढला. डॉक्टरने परदेशातले व्हिडिओ दाखवले, त्यात वाळवंट होतं. वेल्ह्यात वाळवंट नाही हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी दोन लाख फेऱ्या मारून आल्यासारखे थकून दोघं म्हणाले, “तिथे गेल्यावर बघू.”

दरम्यान जिप्सी गॅरेजमध्ये होती. तिथला मिस्त्री सत्तरीचा. बॉनेट उघडून तो नाडी बघितल्यासारखा पाच मिनिटं गप्प उभा राहिला. मी वही काढून विचारलं, “लांबच्या प्रवासाला बरोबर काय काय ठेवू?”

“हळद ठेवा. आणि साबणाची वडी.”

मला वाटलं, हा पूजेची यादी सांगतोय. पण नाही. रेडिएटरला बारीक गळती लागली तर पाण्यात हळद टाकायची, ती भोकाशी जाऊन बसते. पेट्रोलची टाकी ठिबकायला लागली तर साबण मळून भोकावर दाबायचा, पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही. जुने ट्रकवाले एवढ्यावर घाट उतरले आहेत. म्हणजे गॅरेजपर्यंत पोचता येतं, गॅरेज टाळता येत नाही, हेही त्याने बजावलं. मग पुढच्या चाकाच्या मध्यावर बोट ठेवून इंजिनिअरला म्हणाला, “साहेब, चिखलात शिरायच्या आधी खाली उतरून ही हबं लॉक करा. आत बसून नुसता फोर बाय फोरचा दांडा ओढून काही होत नाही. पुढची चाकं बघत बसतात.”

“मला माहितीये हो,” इंजिनिअर म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

मी यादीत हळद लिहिली. स्वयंपाकाच्या सामानात ती आधीच होती, म्हणून ‘हळद (गाडीची)’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

खरेदीला मी आणि सीए निघालो. बोहरी आळीत दोर घ्यायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, “काय बांधायचंय?” सीए म्हणाला, “थार.” दुकानदाराने आमच्याकडे, मग दोराकडे पाहिलं आणि कीव येऊन चहा मागवला. साधा दोर चालत नाही, हे खरं. गाडी ओढायला ताणला जाणारा नायलॉनचा दोर लागतो. तो साधारण तीस टक्के लांबतो आणि रबरासारखा परत येताना रुतलेल्या गाडीला उपसून काढतो. त्याचा हूक सुटला तर तोफगोळा होतो, म्हणून ओढताना दोरावर मधोमध जाड कापड टाकायचं आणि माणसांनी लांब उभं राहायचं. जाड कापड म्हणून मी आजीची गोधडी लिहिली. दोर शेवटी डॉक्टरने ऑनलाइन मागवला. त्याची किंमत सीएने ‘किरकोळ’ या सदरात टाकली.

दोर गाडीला अडकवायचे जाडजूड शॅकल मात्र जुन्या बाजारात मिळाले. तिथे सीएने रस्त्यावर पथारी मांडून बसलेल्या माणसाकडे जीएसटीचं बिल मागितलं. आजूबाजूचे चार विक्रेते धंदा सोडून बघायला आले.

आमच्या शस्त्रागाराचा मुकुटमणी म्हणजे केशरी रंगाच्या दोन दातेरी पट्ट्या. गाडी रुतली की चाकाखाली सरकवायच्या, चाक त्यांच्यावर चढून बाहेर येतं. इतक्या महागाच्या वस्तू चोरीला जाऊ नयेत म्हणून थारच्या टपावरच्या कॅरियरला मी त्या साखळीने बांधल्या आणि पितळी कुलूप लावलं. सामानप्रमुख म्हणून माझ्या कारकिर्दीतला तो सर्वोच्च क्षण होता.

निघायच्या आदल्या रात्री बायकोने दारात उभं राहून सत्त्याऐंशी कलमं वाचली.

“पाय पुसायला काय घेतलंय?”

“अगं, ही मोहीम आहे.”

“मोहिमेत चिखल असेल ना?” असं म्हणून तिने तागाची सहा पोती घडी करून माझ्या पायाशी ठेवली. “गाडीत बसायच्या आधी पाय पुसा. आणि पोती परत आणा, दिवाळीनंतर गहू यायचेत.” यादी टाइप होऊन गेली होती, म्हणून पोती तिच्यात आलीच नाहीत.

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, म्हणून सव्वाआठला निघालो. खडकवासला, खानापूर, पाबे घाट. घाट उतरताना तोरणा समोर येतो. महाराजांनी तो १६४६ च्या सुमाराला घेतला, हे मी मागच्या सीटवरून सांगितलं. “त्यांच्याकडे विंच नव्हता,” डॉक्टर हळहळला. सीए म्हणाला, “यादीपण नसेल.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आमचा मुक्काम केळदच्या अलीकडे, इंजिनिअरच्या ओळखीच्या एका शेतकरी काकांच्या पडीक रानात होता. जंगलात गाड्या घालायच्या नाहीत, परवानगीच्या जागेतच जायचं, हा एक नियम आम्ही न भांडता केला होता. रस्त्यापासून रानापर्यंत बैलगाडीची वाट, दोनेकशे मीटरची. तीन आठवड्यांची तयारी या दोनशे मीटरसाठी होती. आदल्या आठवड्यात परतीचा पाऊस झोडपून गेला होता आणि वाट भाताच्या खाचरासारखी लोण्याची झाली होती.

डॉक्टर थार घेऊन शिरला. चाळीस मीटरवर टायरच्या खाचांत चिखल भरला, चाकं भोपळ्यासारखी गुळगुळीत झाली आणि गाडी जागच्या जागी वाटीत बसली. हवा? ३२. अठरा की वीस हा वाद मिटलेला नसल्यामुळे ती कुणीच उतरवली नव्हती.

“थांब, मी काढतो,” म्हणत इंजिनिअरने जिप्सी मागून घातली, दांडा ओढला, गॅस दिला. मागचं एक चाक कारंज्यासारखं उडायला लागलं, बाकीची तीन ढिम्म. डिफरन्शियल नावाच्या दातेरी गड्ड्याचा स्वभावच असा, की ज्या चाकाला पकड नाही तेच गरागरा फिरतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीचंही तसंच आहे. पुढची चाकं मात्र मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे बघत बसली होती. इंजिनिअरने मान बाहेर काढून हबांकडे पाहिलं. हबं चिखलाच्या खाली गेली होती.

“पट्ट्या काढ!” डॉक्टर गरजला. मी टपावर चढलो, कुलपाला हात घातला आणि मला पुण्यातल्या आमच्या दारामागचा खिळा स्वच्छ दिसला. त्या खिळ्यावर किल्ली होती.

यापुढची दहा मिनिटं मैत्रीच्या दृष्टीने लिहिण्यासारखी नाहीत.

तेवढ्यात काका आले. पायात काही नाही, खांद्यावर टॉवेल, बरोबर आठवीतला नातू. त्यांनी दोन्ही गाड्यांना एक प्रदक्षिणा घातली.

“काका, ट्रॅक्टर मिळेल का?”

“ट्रॅक्टर हाय की. पण कशाला?” त्यांनी टायरला अंगठा लावला. “केवढी हवा भरलीया! काढा थोडी. आन् ती पोती कशाला ठेवलीत मागं?”

“पाय पुसायला,” मी खालच्या आवाजात म्हणालो.

काकांनी फावड्याने चाकांपुढचा चिखल ओढला, पोती पसरली, वॉल्व्हमध्ये काडी घालून अंदाजाने हवा सोडली. जिप्सीच्या हबांपाशी इंजिनिअरला कोपरापर्यंत हात घालायला लावला, तेव्हा ती लॉक झाली. “आता गरगर करू नका. म्हैस पाण्यातून काढता तशी हळूच काढा,” ते म्हणाले. डॉक्टरने म्हैस कधी काढली नव्हती, पण गाडी निघाली. मग जिप्सी. एकूण वेळ वीस मिनिटं. पलीकडे गेल्यावर इंजिनिअरने गुपचूप टायरला मीटर लावला. काकांची हवा १९ पौंड भरली. तीन आठवड्यांचा वाद एका काडीने मिटवला.

संध्याकाळ झकास गेली. ताणाच्या दोरावर चिखलाचे कपडे वाळत घातले. तो तीस टक्के लांबतो हे त्याने तिथे सिद्ध केलं, पँटी जमिनीला टेकल्या. काकूंनी भाकऱ्या दिल्या, सीएने पिठलं केलं. पिठल्याला ग्रीसचा मंद वास कुठून येतोय, हे ‘हळद (गाडीची)’ हा डबा उघडा दिसल्यावर कळलं. कुणी काही बोललं नाही. अकरा प्रकारच्या थेंबांतला एकही पोटाचा नव्हता.

रविवारी परत निघताना हवा पुन्हा भरायची होती, कारण मऊ टायरवर डांबरी रस्त्याने वेगात जाणं बरं नव्हे. कॉम्प्रेसर लावला. त्याने एकदा कण्हून प्राण सोडला. फ्यूज उडाला होता.

“फ्यूज यादीत आहे!” सीए ओरडला. होता. कलम एकसष्ट. मी घरच्या मीटरबोर्डाला लागतो तो चिनी मातीचा किटकॅट आणला होता.

शेवटी नातवाने सायकलचा पंप आणला. आठ चाकं, चार माणसं, दर शंभर दाबांनंतर पाळी बदलायची आणि नातवाने मोठ्याने मोजायचं. तिसऱ्या चाकाला डॉक्टरने स्वतःची नाडी मोजली. सातव्या चाकाला सीएने ‘या दराने ट्रॅक्टर स्वस्त पडला असता’ असा हिशेब मांडला. बत्तीस कुठल्याच चाकाला झालं नाही; अठ्ठावीसवर आम्ही एकमताने समाधान मानलं. आमच्या इतिहासातलं हवेबाबतचं पहिलं एकमत.

घरी आलो. सत्त्याऐंशी वस्तू यादीशी ताडून उतरवल्या. दोर, शॅकल, गोधडी, किटकॅट, कुलपासकट पट्ट्या, सगळं जसंच्या तसं. एक फावडं सोडलं तर कशालाही चिखल लागलेला नव्हता. सामानप्रमुखाची छाती जराशी फुगली. बायकोने चहा ठेवला आणि विचारलं, “पोती कुठायत?”

पोती केळदच्या अलीकडे, बैलगाडीच्या वाटेत, चाकांच्या ठशांखाली आहेत. यादीत नसलेल्या वस्तूची जबाबदारी माझी नाही, हे मी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. दिवाळीनंतर गहू येणार आहेत.

तिघांना फोन केला. पुढच्या शनिवारी जायचं ठरलंय. नवी यादी घेतली आहे, पहिलं कलम लिहिलं: किल्ली. दुसरं लिहायच्या आत डॉक्टरचा मेसेज आला: ‘या वेळी आधीच ठरवू. अठरा.’