फ्रीझ की अपग्रेड?

गिरगावात खोताच्या वाडीतल्या एका लाकडी सज्ज्यात गेले तीन आठवडे चौकडीची वही उघडीच आहे. वहीत दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांची नावं, पसंतीक्रमाने. पहिलं हिंदू, इकॉनॉमिक्स. मग मिरांडा, इकॉनॉमिक्स. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं बरंच काही. वही बाबांची आहे. जिला शिकायचंय ती आत झोपली आहे.

जिना उतरून चौपाटीकडे चालू लागलं की पंधरा मिनिटांत विल्सन कॉलेज येतं. मूळ स्थापना १८३२. ज्या सेंट स्टीफन्सचं नाव घेताना बाबांचा आवाज देव्हाऱ्यापुढचा होतो ते १८८१ चं, हिंदू १८९९ चं. खुद्द दिल्ली विद्यापीठ जन्मलं १९२२ साली, तेव्हा विल्सनची नव्वदी झाली होती. पण घरून चालत जाता येतं, हा विल्सनचा दोष काही केल्या जात नाही. "तिथे काय, कोणीही जातं," आत्या म्हणाली. आत्या स्वतः विल्सनचीच.

पूर्वी काळजीसुद्धा सुटसुटीत होती. २०११ मध्ये श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बारावीला कॉमर्स न घेतलेल्यांसाठी बी.कॉम. ऑनर्सची पहिली कटऑफ थेट १०० टक्के लावली. २०२१ मध्ये तर अशा शंभरांची रांगच लागली. नव्याण्णववाल्याने मुकाट्याने घरी बसायचं, विषय संपला. २०२२ मध्ये सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि बारावीचे गुण बरोबरी फोडण्यापुरते उरले. आता बरोबर उत्तराला पाच, चुकलं तर उणे एक. पेपर वेगवेगळ्या शिफ्टमध्ये, म्हणून वर नॉर्मलायझेशन. म्हणजे पोरीने काय लिहिलं एवढ्यावर भागत नाही, तिच्या शिफ्टमधल्या अनोळखी पोरांनी काय दिवे लावले तेही बघावं लागतं. त्या पहिल्या वर्षी गणपती येऊन, अनंत चतुर्दशीला बुडूनही गेले, तरी निकाल नव्हता. तो लागला सप्टेंबरच्या मध्याला. नवस बोललेल्यांची मोठीच पंचाईत. यंदा शेजारच्या आंटींनी वाडीतल्या क्रुसापुढे मेणबत्तीही लावून ठेवली आहे. क्रूस विसर्जनाला जात नाही.

बाबांचं खरं दुखणं वेगळंच. राज्यातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना, हे त्यांचं आवडतं कलम. उरलेल्या पंधरा टक्क्यांवरही त्यांचा राग आहे. परप्रांतीय येतात आणि आपल्या मुलांच्या जागा खातात, हे व्याख्यान ठाकूरद्वारच्या नाक्यावर त्यांनी कित्येकदा दिलंय. परवा तिथेच कोणी तरी विचारलं, "मग तुमची कन्या दिल्लीत कोणाची जागा खाणार?" बाबा म्हणाले, "ते केंद्रीय विद्यापीठ आहे. ते सगळ्या देशाचं असतं."

हे वाक्य नाक्याने जपून ठेवलंय.

दिल्ली विद्यापीठात जागा आहेत सुमारे ७१ हजार. विद्यापीठ आधी सिम्युलेटेड रँक दाखवतं, म्हणजे साखरपुड्याआधीचे कांदेपोहे. त्यावर पसंतीक्रम बदलता येतो. मग खरी यादी, आणि मिळालेली जागा घेतल्यावर प्रश्न: फ्रीझ की अपग्रेड? अपग्रेड निवडून वरची जागा मिळाली तर हातातली आपोआप रद्द. जन्म पागडीच्या खोलीत काढलेल्या आजोबांना हे एका वाक्यात समजलं. "नव्या जागेची चावी हातात येईपर्यंत जुन्याचा ताबा सोडायचा नाही." इथे ताबा आपोआप सुटतो, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "बिल्डर कोण आहे?"

आजोबांना दिल्लीचं तसं कौतुक नाही. त्यांचा आदर्श सी. डी. देशमुख. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, म्हणजे नानांची, आपल्या गिरगावची! आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. "जायचंच तर असं जावं," आजोबा म्हणतात. बाबांनी कुलगुरुपदाचा कॉलम वहीत आखलेला नाही, एवढंच.

दुपारी कन्या उठली. चहाचा कप वहीवरच ठेवून तिने यादी वाचली, वरून खाली.

"बाबा, सगळीकडे इकॉनॉमिक्स काय लिहिलंय? त्याला सीयूईटीत मॅथ्स लागतं. मी मॅथ्स दिलंच नाही."

बाबांनी कप उचलला आणि खोडरबर शोधायला लागले.