हिंजवडीच्या आयटी पार्कास, स. न. वि. वि.

राजीव गांधी इन्फोटेक पार्क, मु. हिंजवडी, ता. मुळशी, जि. पुणे यांस,

युसूफ वडगावहून (ता. केज, जि. बीड) एका शेतकऱ्याचा साष्टांग नमस्कार. आपली कीर्ती थोर. माझा मुलगा आपल्याच पदरी नोकरीला आहे आणि जवळच त्यानं फ्लॅट घेतलाय. जून २०२५ मध्ये आपल्या रस्त्यांच्या नद्या झाल्या, तेव्हा मी त्याच्याकडंच होतो. खाली गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यातून हॉर्न वाजवत सोसायटीत काय शिरलं? पाण्याचा टँकर.

टँकरचं आम्हाला कौतुक नाही. आमच्या तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण तेव्हा आभाळही कोरडं होतं. बुडता बुडता पाणी विकत घ्यायची विद्या आम्हाला कधी साधली नाही. त्याला हायटेकच असावं लागतं. तेही मुळशी तालुक्यात, जिथली गावंच्या गावं शंभर वर्षांपूर्वी धरणाखाली गेली!

आपल्या काचेच्या इमारतींना हरित म्हणून प्रमाणपत्रं मिळतात, सोनेरी, प्लॅटिनम. दारातल्या गाड्यांच्या रांगेचा धूर कुणाच्या खात्यावर मांडतात, ते विचारत नाही. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तेही राहू द्या.

ओढ्यांचं मात्र विचारणार. त्या भागात भातखाचरं होती. बांध घातलेल्या खाचरात पाऊस थांबायचा, मुरायचा, उरलेला ओढ्यानं नदीला जायचा. खाचरांवर डांबर आलं, ओढे पाईपात कोंबले, काही तर बांधकामाखाली गाडले. एवढे इंजिनिअर गोळा केलेत, त्यातल्या एकालाही पाणी उताराकडं जातं हे ठाऊक नव्हतं? आमच्याकडं शाळा सोडलेला गडीसुद्धा औत धरण्याआधी उतार बघतो. आणि वर पावसालाच दोष! लाज कशी वाटत नाही?

जाऊ दे बाबा, तुझ्यावर तरी किती ओरडू. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तुला तर तीन घरं: एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत. पाणी तुंबलं की तिघंही एकमेकांच्या दाराकडं बोट दाखवतात. तुला वाढ म्हणून सगळ्यांनी सांगितलं. सांडपाणी कुठून काढायचं, हे सांगायला कुणी थांबलं नाही. आणि पोरगं तुझ्याच जिवावर संसार करतंय. इथल्या सोयाबीनवर त्याचं भागलं नसतं, हे मी बांधावर उभा राहून सांगतो.

म्हणून एक विनंती. उद्या केजकडं तुझी शाखा काढायची ठरलीच (निघावी, पोरं तरी घरी राहतील), तर आधी तलाठ्याकडं जाऊन गावनकाशा बघ. आमचे ओढे वर्षातले आठ महिने कोरडे असतात. त्यांना रिकामे प्लॉट समजू नकोस.

कळावे, लोभ असावा.