दाबल्याची खबर, सोडल्याची खबर

घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि मुलुंडहून अंधेरीला जाणाऱ्यांचा दादरचा वळसा वाचला. २०२० च्या मार्चमध्ये तर प्रवासच वाचला. लोकल बंद, ऑफिस बंद, आणि एमआयडीसीतल्या टेबलावरचा संगणक मुलुंडच्या जेवणाच्या टेबलावरून चालू लागला. पुढे ऑफिसं उघडली तरी रिमोट डेस्कटॉपची ही सोय राहिली, आणि सोयीच्या पाठोपाठ एक गैरसोयही मुक्कामाला राहिली.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ अंधेरीत हिशेबखात्यात आहेत. सोमवारी सकाळी ते खुर्चीत बसतात, ई-मेलचा पत्ता टाइप करायला शिफ्ट आणि दोन दाबतात, तर अ‍ॅटच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह! अ‍ॅट सापडतो एंटरच्या शेजारी, जिथे अवतरणचिन्ह असायला हवं. दोघांनी रविवारात जागा बदलून घेतलेल्या. मग आयटीचा पोरगा येतो. एका कानात इअरफोन, हातात चहाचा कागदी कप. कीबोर्डकडे तो ढुंकूनही बघत नाही.

“काका, सुट्टीत घरून रिमोट घेतलेलं का?”

“घेतलं होतं थोडा वेळ.”

“मग त्याचंच आहे.”

कीबोर्डकडे न बघण्यात त्याचं शहाणपण आहे. गोदरेजने १९५५ साली भारतीय टाइपरायटर आणला, त्यात कळ आणि अक्षर यांचं लग्न लोखंडात लागलेलं होतं. ‘क’ची कळ दाबली की ‘क’च कागदावर आपटायचा. संगणकाच्या कळीवर काय छापलंय याच्याशी मात्र संगणकाला काडीचंही देणंघेणं नसतं. कीबोर्ड फक्त ‘अमुक क्रमांकाची कळ दाबली, सोडली’ एवढं कळवतो. तिचं अक्षर कोणतं, हे आतला ले-आउट ठरवतो.

आता घरचा लॅपटॉप. कलरच्या स्पेलिंगात ‘यू’ घालणारी आपली पिढी विंडोज बसवताना इमानदारीत ‘इंग्लिश (युनायटेड किंगडम)’ निवडते. या घरच्या यंत्राने ऑफिसच्या यंत्राला फोन लावला की जोडणीच्या वेळीच ते आपला ले-आउटही सांगून टाकतं. ऑफिसचं यंत्र स्वभावाने भिडस्त. पलीकडच्याच्या बोटांना जे वळण आहे तेच खरं, असं मानून ते स्वतःचं ४००९ क्रमांकाचं भारतीय इंग्रजी बाजूला ठेवतं आणि ०८०९ चं ब्रिटिश इंग्रजी चालू करतं. पलीकडचा निघून गेला तरी हे आपलं साहेबाच्याच थाटात बसलेलं.

अवतरणचिन्हावर भागलं तर ठीक, पण हिशेबखात्यात पैशांचा प्रश्न येतो. भारतीय इंग्रजीच्या ले-आउटमध्ये उजवीकडचा ऑल्ट आणि चार दाबले की ₹ उमटतो. पवईच्या आयआयटीत संशोधन केलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखाटलेलं हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. ब्रिटिश ले-आउटमध्ये त्याच दोन कळांवर € उमटतो. गृहस्थांनी भांडुपच्या एका ग्राहकाला टाइप केलेलं बिल असं एका फटक्यात युरोपात गेलं. पाठवण्याआधी लक्षात आलं म्हणून बरं. नाहीतर भांडुपकराला घेरी आली असती.

मराठीची गंमत आणखी वेगळी. धाकटीने शाळेच्या प्रकल्पासाठी घरच्या लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट लावून ठेवलेलं असतं आणि जोडणीबरोबर तेही ऑफिसात पोचतं. हा ले-आउट भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये मानक म्हणून मान्य केलेला; स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मांडणी मोठी तर्कशुद्ध, पण आपण इंग्रजीच्या समजुतीत ‘हॅलो’ टाइप करावं तर पडद्यावर ‘पाततद’ येतं. ‘मुंबई’ टाइप करा, ‘सहसवोग’. एखाद्या सरकारी योजनेचं नाव शोभावं असं. पडद्यावर दिसतं तोवर हसता येतं. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके असतात आणि सगळ्या भाषांचे ठिपके सारखेच दिसतात. आपण आपल्या स्मरणशक्तीवर संशय घेत राहतो, तिकडे खात्याला कुलूप लागतं.

आणि हा आगंतुक ले-आउट काढायला जावं तर सेटिंग्जच्या यादीत त्याचं नावच नसतं. टास्कबारवर आहे, यादीत नाही. मग करायचं काय? आधी त्याला रीतसर यादीत जोडायचं आणि मग काढायचं. शिधापत्रिकेतून नाव कमी करायला गेल्यावर ‘आधी नाव चढवून आणा’ असं खिडकीतून ऐकू यावं, तसं हे. पण या उपायाने ते बहुधा जातं. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर ऑफिसच्या यंत्राच्या रजिस्ट्रीत ‘इग्नोअर रिमोट कीबोर्ड ले-आउट’ नावाची नोंद करून तिथे १ लिहायचा आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. तेव्हापासून पलीकडचा कोणत्याही भाषेत आला तरी यंत्र आपलं बदलत नाही.

याहून चमत्कारिक दुखणं म्हणजे अडकलेली कळ. घरी विंडोजची कळ दाबलेली असताना जोडणी तुटते. कळ दाबल्याची खबर ऑफिसला पोचलेली असते, सोडल्याची वाटेतच राहते. मग तिकडचं यंत्र समजतं, कळ अजून दाबलेलीच आहे. अशा वेळी ‘एल’ टाइप केला की पडद्याला कुलूप, ‘डी’ टाइप केला की सगळ्या खिडक्या गायब. उपाय सोपा आहे: तीच कळ एकदा दाबायची आणि नीट सोडायची.

मला वाटतं, भिडस्तपणा हा या यंत्राचा दोष नाहीच. मुलुंडच्या बाजारातली भाजीवाली पाच मिनिटांत एका बेनशी गुजरातीत, एका अम्माशी मोडक्या तमिळमध्ये आणि आपल्याशी मराठीत घासाघीस करते. पलीकडच्याचा ले-आउट घेते, गिऱ्हाईक गेलं की टाकून देते. आधीच्या गिऱ्हाइकाचा भाव पुढच्याला कधी सांगत नाही. गृहस्थांचं तसं नाही. काम झालं की ते खिडकीच्या कोपऱ्यातली फुली मारतात. त्याने जोडणी तुटते, सत्र संपत नाही. आतले प्रोग्रॅम आणि आतला ले-आउट चालूच राहतात. “काका, साइन आउट करत जा,” असं आयटीचा पोरगा दर वेळी सांगतो. “पुन्हा सगळं उघडत कोण बसणार?” असं काका दर वेळी म्हणतात.

परवा संध्याकाळी ते घरी आले. बायकोने दारातच विचारलं, “दळण आणलंत का?”

“ईओडीपर्यंत अपडेट देतो,” गृहस्थ म्हणाले.

“चक्की आठलाच बंद झाली,” बाई म्हणाल्या. “तिचा ईओडी झाला.”