चिटणिसांची पैसेवारी

ज्या शाळेच्या ज्या तुकडीला माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा भरविण्याची बुद्धी होते, त्या तुकडीत एक चिटणीसही आपोआप उपजतो, आणि तो कसा असतो हे वाचकांस निराळे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण त्याची पावतीपुस्तके, त्याची स्मरणपत्रे आणि पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲपवर येऊन थडकणारे त्याचे सुविचार यांचा प्रसाद प्रत्येकास मिळालेलाच आहे. आमचे चिटणीस या पंथातही विशेष होत. त्यांची सारी हयात यवतमाळ जिल्ह्याच्या महसूल खात्यात गेली, अव्वल कारकुनीवरून ते नायब तहसीलदारीपर्यंत चढले, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी दप्तर, शिक्का व खुर्ची बिनतक्रार सरकारजमा करून पैसेवारी तेवढी त्यांनी सोबत घरी आणली.

पैसेवारी म्हणजे काय, हे यवतमाळकरास शिकवावे लागत नाही. पूर्वी जिला आणेवारी म्हणत, तीच ही. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर व्हावयाची. आणि गाव ५० पैशांच्या आत आले की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती व विद्यार्थ्यांस परीक्षा शुल्काची माफी या सवलतींकडे डोळे लावून बसावयाचे, हा आमच्या कापूस-सोयाबीनच्या मुलखाचा वार्षिक शिरस्ता. चिटणिसांनी हा निकष पिकांवरून उचलला आणि सकल चराचरास लावला. लग्नातल्या जिलबीला ते ५५ पैसे देत; शेजाऱ्यांच्या नव्या जावयाची नजरअंदाज पैसेवारी त्यांनी ७० धरली होती, ती पहिल्या दिवाळसणानंतर ४२ वर सुधारून घेतली; आणि भर आठवडी बाजारात मला त्यांनी “काय हो, अठ्ठावन्न!” अशी हाक मारल्यापासून भाजीवाल्यासही माझ्या ऐपतीचा अदमास आला व तो घासाघीस करीनासा झाला.

अशा या पुरुषाच्या हाती आमचा मेळावा गेला. पुण्यास स्थायिक झालेले अभियंते, नागपूरचे डॉक्टर आणि गावातले कंत्राटदार यांच्या मते शाळेच्या पटांगणात जमणे हे आमच्या तुकडीच्या इभ्रतीस शोभणारे नव्हते. म्हणून टिपेश्वर अभयारण्यालगत एका रिसॉर्टवर मुक्काम, पहाटे जंगलसफारी, सर्वांस एकरंगी फेटे आणि माणशी पाच हजार रुपये वर्गणी असा बेत ठरला. याच टिपेश्वरातून २०१९ साली निघालेला एक वाघ मजल दरमजल करीत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, परंतु त्याच्याकडे कोणी वर्गणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

वर्गमित्रांतील काहींस पाच हजार जड जातील हे चिटणिसांच्या ध्यानी आले, हा त्यांचा सद्गुण. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र खात्याचा होता. कोणाचे वाहन कोणते, पायांत काय, मुलगा कोठे नोकरीस आणि घराला रंग कधी दिला, याची स्थळपाहणी करून त्यांनी प्रत्येक वर्गमित्राची पैसेवारी निश्चित केली. ७५ च्या वर असतील त्यांनी वर्गणी अधिक देणगी, मधल्यांनी नुसती वर्गणी, ५० च्या आतल्यांस संपूर्ण माफी! ही न्याय्य वाटणी नावांनिशी, जिल्हा, तालुका, मौजे अशा रकान्यांसह त्यांनी समूहावर प्रसिद्ध केली आणि आक्षेप-हरकतींस सात दिवसांची मुदत दिली.

मुदतीची गरज पडली नाही. ज्यांस देणगी लागली त्यांनी आपण किती कर्जबाजारी आहोत याचे पुरावे धाडले. परंतु माफी मिळालेल्यांपैकी एकानेही आभार मानले नाहीत. आमचा एक मित्र कापसाचा शेतकरी. आपल्या गावाची पैसेवारी ५० च्या आत आणावी म्हणून त्याने दोन महिन्यांपूर्वीच तहसील कचेरीवर मोर्चा नेला होता. तो चिटणिसांच्या ओसरीवर आला, पाच हजारांच्या नोटा मोजून ठेवल्या आणि म्हणाला, “गावाले पन्नासच्या आत टाक म्हणून म्या घसा कोरडा केला, पण मले काहून टाकलं बाप्पा?” ते पैसे त्याने कोठून आणले असतील, हे ज्याची उभी नोकरी सातबारा वाचण्यात गेली त्या माणसाला विचारण्याची आवश्यकता नव्हती.

आमच्या शाळेच्या दिवसांत, वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या घरांतील मुलांस ई.बी.सी.ची फीमाफी मिळे. गुरुजी ती नावे भर वर्गात खणखणीत आवाजात वाचीत, आणि तरीही कोणाची मान खाली गेल्याचे स्मरत नाही. कारण जवळजवळ सारा हजेरीपटच त्या यादीत असे. सर्वांस मिळते तेव्हा ती सवलत असते; चारचौघांतून वेचून एकट्याच्या हातावर ठेवली की तिची भिक्षा होते.

त्या रात्री चिटणिसांनी जे केले, त्यास्तव त्यांचे उर्वरित सर्व सुविचार मी क्षम्य मानतो. त्यांनी ३१ डिसेंबरच्या तारखेने अंतिम पैसेवारी जाहीर केली: मौजे दहावी ‘अ’, पैसेवारी ४९, वर्गणी सर्वांस सरसकट माफ, मेळावा शाळेच्या पटांगणात, जेवणात झुणका-भाकर, आणि स्थळबदलाचे कारण ‘अवकाळी पावसाची शक्यता’. जानेवारीच्या त्या आठवड्यात आभाळात औषधालाही ढग नव्हता; उभ्या सेवेत एक खोटी नोंद न केलेल्या या गृहस्थाने ती पहिली खोटी नोंद इतिवृत्तात स्वहस्ते केली, खाली सही ठोकली, आणि शेतकरी मित्राचे पाच हजार ‘हुकमाअन्वये परत’ असा शेरा मारून घरपोच केले. पुण्याच्या अभियंत्यांस आपण ४९ पैशांचे ठरल्याचा इतका संताप आला की ते अपील करण्यासाठी जातीने आले, आणि अपील विसरून तीन भाकरी जेवले.

खर्च कोणी केला, हे चिटणीस सांगत नाहीत. विचारणाऱ्याची पैसेवारी मात्र ते तत्काळ दहाने उतरवतात. तेव्हा यंदा जे कोणी आपापल्या शाळांचे मेळावे भरविणार असतील, त्यांस एवढीच विनंती की, पैसेवारी गावाची लावतात, खातेदाराची नव्हे, हे जे महसूल खात्यास कळते, ते त्यांनीही ध्यानी घ्यावे. आणि ज्या वर्गणीत एकालाही माफी द्यावी लागेल, ती मुळात बसवूच नये.