लेटरहेडवरचं मत

आमच्या मामांच्या उजव्या गुडघ्यावर जेवढे तज्ज्ञ बोलले आहेत, तेवढे दर वर्षी अर्थसंकल्पावरही बोलत नसतील. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून "गुडघा बदलावा लागेल" असं सांगितलं आणि मामांनी त्याच संध्याकाळी सेकंड ओपिनियन घ्यायचं जाहीर केलं. दुसरे डॉक्टर बदला म्हणाले. तिसरेही बदला म्हणाले. चौथे म्हणजे सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर बसणारे एक वयस्कर सर्जन. तिथे लिफ्ट नाही. "जिना चढून आलात ना? मग थांबा वर्षभर," असं ते म्हणाले, आणि मामा खाली रिक्षात बसता बसता म्हणाले, "याला म्हणतात सेकंड ओपिनियन!" आपल्याकडे या 'सेकंड'चा मोजणीशी संबंध नाही. मनासारखं मिळालं की ते सेकंड.

मामी पहिल्या दिवसापासून सांगत होती, की आधी वजन उतरवा आणि रात्रीचा भात बंद करा. चारही डॉक्टरांच्या कागदावर शेवटी तेच लिहिलेलं निघालं. पण मामीचं पडलं नुसतं मत. त्याला ना फाइल, ना पावती.

इंग्रजी ओपिनियन आणि आपलं मत यांच्यातला फरक मला त्या पावतीतच दिसतो. मत आपण देऊन टाकतो. निवडणुकीतसुद्धा आपण ते चक्क दान करतो. (काही वॉर्डांत या दानाला दर असतो म्हणतात, पण तो विषय वेगळा.) ओपिनियन मागावं लागतं, थांबावं लागतं, आणि पुष्कळदा ते मागणारा माणूस साधासुधा नसतो. आपल्या राज्यघटनेच्या १४३व्या कलमाखाली राष्ट्रपतींना सुप्रीम कोर्टाचं ओपिनियन मागता येतं, आणि कोर्टाला ते द्यायला नकारही देता येतो. १९९४ मध्ये कोर्टाने असा एक प्रश्न उत्तर न देता परत पाठवला होता. अमेरिकेत तर १७९३ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या सरकारने न्यायमूर्तींकडे २९ प्रश्नांची यादी धाडली होती. इंग्लंड-फ्रान्सच्या लढाईत तटस्थ राहायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं, असा मामला होता. असा आगाऊ सल्ला देणं आमचं काम नाही, असं न्यायमूर्तींनी नम्रपणे कळवलं. राष्ट्राध्यक्षाने २९ प्रश्न विचारावेत आणि समोरच्याने एकाचंही उत्तर देऊ नये! आमच्या जिन्यात उभं राहून कुणी एक प्रश्न विचारला, तर त्याला २९ उत्तरं मिळतात, आणि त्यातली निम्मी तटस्थ राहण्याबद्दल नसतात.

ओपिनियनचा खरा झटका मात्र आम्हाला सोसायटीच्या वार्षिक सभेत बसला. त्या वर्षी ऑडिटला नव्या सी.ए. बाई होत्या. चेअरमननी अहवाल वाचायला घेतला आणि एका ओळीवर त्यांचा आवाज चढला. "बाईंनी आपल्याला क्वालिफाइड ओपिनियन दिलेलं आहे." थांबून त्यांनी सभेकडे पाहिलं. "आधीच्या ऑडिटरने इतक्या वर्षांत हे कधी दिलं नव्हतं." टाळ्या पडल्या. चेअरमनांचा मुलगा क्वालिफाइड, सून क्वालिफाइड. आता हिशेबही क्वालिफाइड झाले म्हणताना त्यांना भरून येणं साहजिक होतं. अभिनंदनाचा ठराव आला, त्याला अनुमोदनही मिळालं. मग सी.ए. बाईंनी हात वर केला.

ऑडिटच्या इंग्रजीत क्वालिफाइड म्हणजे 'एवढं सोडून बाकी ठीक'. आमच्या बाबतीत 'एवढं' म्हणजे सिंकिंग फंड होता. बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दर वर्षी सभासदांकडून घ्यायची आणि वेगळी गुंतवून ठेवायची, असा उपविधी आहे. आमच्या कमिटीने रक्कम नेमाने गोळा केली होती, पण ती प्रवेशद्वाराच्या कमानीत बुडवली होती. कमान चांगली झाली आहे, दोन्ही बाजूंना हत्ती आहेत. तरी नियम तो नियम. बाई शांतपणे म्हणाल्या, की खरं चांगलं ते अनक्वालिफाइड ओपिनियन. हे ऐकून चेअरमनांनी सुनेकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅडव्हर्स. तिथे हिशेब खरी परिस्थिती दाखवतच नाहीत, असं स्पष्ट लिहितात. आणि शेवटी डिस्क्लेमर. पुरेसे कागद मिळाले नाहीत, सबब आम्ही कोणतंच मत देऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ. हे मला फार आवडलं. आमचं काही मत नाही, हे व्यवस्थित टाइप करून खाली सही-शिक्का मारायचा आणि त्याचीही फी घ्यायची! माझे वडील चाळीस वर्षं जेवणाच्या ताटावर 'माझं काही म्हणणं नाही' असं म्हणत आले, त्यांना कुणी कधी दमडी दिली नाही. आईने उलट आमटी पुन्हा फोडणीला टाकली. असो. अभिनंदनाचा ठराव मागे घ्यायचा का, यावर पाऊण तास चर्चा झाली आणि सेक्रेटरी दोषदुरुस्तीचा 'ओ' नमुना भरायला बसले.

असाच एक दगाबाज शब्द कन्व्हिक्शन. आमच्या चिरंजीवांच्या कंपनीत वर्षअखेरीला अप्रेझल होतं. साहेबाने शेरा लिहिला होता, की हा मुलगा आपली बाजू मोठ्या कन्व्हिक्शनने मांडतो. मुलगा खूश, त्याची आई खूश. नेमके त्या दिवशी माझे मेव्हणे जेवायला होते. ते वकिली करतात, तीही बव्हंशी फौजदारी. त्यांच्या कोर्टात कन्व्हिक्शन म्हणजे गुन्हा शाबीत होणं. त्यांनी चष्मा लावून तो शेरा दोनदा वाचला आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरायचं नाही. अपिलाला मुदत किती आहे?"

थिअरीचं तर इंग्रजीतच भांडण आहे. गुप्तहेराच्या कादंबरीत थिअरी म्हणजे शेवटच्या प्रकरणात खोटा ठरणारा अंदाज. विज्ञानात तिच्यामागे पुराव्यांचा डोंगर असतो. डार्विनचं पुस्तक १८५९ चं, तेव्हापासून पुरावे गोळा होताहेत, तरी कुणीतरी उठतो आणि ती 'नुसती थिअरी' आहे म्हणतो. आपण या वादात पडत नाही. आपल्याकडे बारावीच्या फिजिक्सला थिअरी ७० मार्कांची आणि प्रॅक्टिकल ३०चं, एवढं ठरलेलं आहे.

नोशन हा शब्द मला दिसायला तत्त्वज्ञ वाटायचा. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. पुण्यात तिने तत्त्वज्ञानातच एम.ए. केलेलं. तिकडे कापडाच्या एका मोठ्या दुकानात तिला 'नोशन्स' अशी पाटी दिसली. कल्पनांचा स्वतंत्र विभाग! ही भारावून आत गेली, तर समोर हूक, चेनी, इलॅस्टिक, बॉबिन आणि पुठ्ठ्यावर डझनाने टाकलेली बटणं. अमेरिकेत शिवणकामाच्या बारीकसारीक सामानाला नोशन्स म्हणतात. म्हणजे आमची बोहरी आळी. आयर्लंडमध्ये म्हणे एखादीला नोशन्स आहेत असं बोलले, की तिला शिंगं फुटली असा अर्थ घ्यायचा. बहिणीने दोन डझन बटणं घेतली. एम.ए. झाल्यापासून नोशन्सवर आपण पहिल्यांदाच काहीतरी पदरात पाडून घेतलं, असं तिचं म्हणणं आहे.

राहता राहिली आयडिया. ती सगळ्यांत लाडकी आणि कायद्याने सगळ्यांत बेवारशी. हे आमच्या घरात दोन दिवाळ्यांपूर्वी उघड झालं. बायकोने परदेशातल्या मुलांना फराळ पाठवायचा उद्योग काढला होता. प्रत्येक खोक्यात चकल्या-अनारशांवर त्या मुलाच्या आजीच्या हातची चिठ्ठी. पुढच्याच वर्षी मागल्या गल्लीतल्या एकीने तेच सुरू केलं, चिठ्ठीसकट. "माझी आयडिया चोरली!" म्हणून हिने तडक भावाला बोलावलं.

मेव्हण्यांनी चिवडा खात खात १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराचं 'हम हिंदुस्तानी' हे प्रांतीयतेवरचं नाटक. १९५६ साली 'न्यू दिल्ली' सिनेमा आला तो आपल्या नाटकावरून उचलला, असा त्यांचा दावा. कोर्टाने तो मानला नाही. आयडियावर कुणाचा कॉपीराइट नसतो, ती मांडली कशी त्यावर असतो. "थोडक्यात, ताई, तिने तुझ्या आज्यांचं अक्षर चोरलं असतं तर बघितलं असतं. आयडिया कुणीही न्यावी."

"हे तुझं मत झालं," बायको म्हणाली. "मला ते लेखी दे. मी तिच्या तोंडावर नाही, पण आमच्या भिशीत तरी वाचून दाखवीन, की कायदा कसा गाढव आहे."

मेव्हण्यांनी बशी खाली ठेवली. "लेखी म्हणजे लेटरहेडवर. मग ते ओपिनियन होतं, आणि त्याला फी पडते. तुझी म्हणून भाऊबीजेच्या ओवाळणीत वळती करून घेतो."