तीव्र मध्यमातला पंखा

संगणक वेगवान असतो, पण वक्तशीर असतोच असे नाही. एरवी हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. पत्र टंकताना एखादे अक्षर पापणी लवण्याइतके उशिरा उमटले म्हणून कोणी तक्रार करत नाही. त्याच संगणकाला तानपुरा, पेटी, तबला, टाळ आणि गळा अशा पाच ट्रॅकवर एक अभंग ध्वनिमुद्रित करायला सांगितले, की त्याचा खरा स्वभाव कळतो.

ध्वनिमुद्रणात आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. संगणक ते सुटे हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. या गठ्ठ्याला म्हणतात बफर. २५६ नमुन्यांचा बफर ठेवला तर दर ५.३ मिलिसेकंदांनी एक गठ्ठा तयार हवा. संगणकाची भूमिका इथे पंगतीतल्या वाढप्याची असते. तासाला किती पाने वाढली याची सरासरी उत्तम असेल. पण वाढपी एकदाच कोणाशी बोलत उभा राहिला आणि तेवढ्यात एका पानावरचा भात संपला, तर ते पान रिकामेच दिसणार. ध्वनिमुद्रणात या रिकाम्या पानाचा ‘टक्’ असा आवाज येतो. तो नेमका समेच्या आधी येतो, असा सर्व हौशी ध्वनिमुद्रकांचा समज आहे.

संगणकाला बोलत उभे करणारे तरी किती! वाय-फायचा ड्रायव्हर, व्हायरस शोधणारा पहारेकरी, मध्येच जागे होणारे अपडेट, ढगात फोटो चढवणारी सेवा. म्हणून संगणक जुळवण्याची सुरुवात या मंडळींना बाहेर काढण्यापासून होते. यातला अवघड भाग तांत्रिक नसून कौटुंबिक आहे. ‘वाय-फाय बंद केलाय’ एवढेच ऐकून सगळ्या खोल्यांतून माणसे बाहेर येतात, आणि बंद केला आहे तो फक्त या संगणकापुरता, हे त्यांना पटेपर्यंत गायिकेचा गरम केलेला गळा पुन्हा थंड होतो.

त्यानंतर प्रोसेसरची डुलकी मोडायची. वीज वाचावी म्हणून आजचे प्रोसेसर दोन कामांच्या मध्ये झोप काढतात आणि हाक मारली की उठतात. त्यांची झोप सावध असते, पण उठायला थोडा वेळ जातोच. वीजबचतीची सोय बंद करून प्रोसेसरला सतत जागे ठेवले की टकटक थांबते. सतत जागा राहणारा माणूस मात्र तापट होतो. प्रोसेसरही तापतो.

यावर कोणी म्हणेल, बफरच मोठा करा. वाढप्याला सवड मिळेल. १,०२४ नमुन्यांचा केला तर संगणकाला २१ मिलिसेकंदांची उसंत मिळते. पण आवाज आत जाताना एकदा आणि कानात परत येताना एकदा, असा बफर दोनदा भरावा लागतो, म्हणजे झाले सुमारे ४३ मिलिसेकंद. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे आमच्या तबलावादक मित्राला स्वतःचा तबला चौदा-पंधरा मीटरवरून, समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून ऐकू येणार. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात मात्रेला चार बोल वाजवले, तर दोन बोलांत अंतर अवघे ६२ मिलिसेकंद उरते. त्यातले ४३ प्रवासात गेल्यावर मित्राने तबल्यावरून हात उचलून नुसते माझ्याकडे पाहिले. तसा थोडा उशीर बैठकीतही असतोच. गायकापासून दीड-पावणेदोन मीटरवर बसलेल्या पेटीवाल्याचा सूर गायकाच्या कानी सुमारे पाच मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यावर आजवर कोणत्याही घराण्याने आक्षेप घेतलेला नाही.

तेव्हा बफर लहानच ठेवायचा. बफर लहान म्हणजे प्रोसेसरची धावपळ जास्त, धावपळ जास्त म्हणजे उष्णता जास्त. शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की बहुतेक प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी स्वतःचा वेग कमी करतात, आणि पुन्हा टकटक सुरू होते. त्यात पुण्याचा वैशाख. पंखे कितीही लावले तरी हवेने गार होणारी वस्तू खोलीपेक्षा गार होत नाही. खोलीचे तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले, तर तेच काम करणारा प्रोसेसरही जवळपास तेवढाच, पंधरा अंशांनी, वर चढतो. मग त्याच्या डोक्यावरचा पंखा जोरात फिरू लागतो, आणि तिथे शांततेचा प्रश्न सुरू होतो.

कारण समोर कंडेन्सर माइक असतो. त्याला गायिकेचा श्वास ऐकू येतो, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी ऐकू येते आणि पंखा तर हमखास ऐकू येतो. पंख्याचा आवाज म्हणजे नुसता घोंघाट नव्हे. त्या सळसळीत एक सूर दडलेला असतो. पात्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे, हे त्या सुराचे गणित. सात पात्यांचा पंखा मिनिटाला साधारण १,१८८ फेरे घेत असेल तर सूर लागतो १३८.६ हर्ट्झचा, म्हणजे चोख काळी एक. अनेक पुरुष गायकांची हीच पट्टी, त्यामुळे त्यांना फुकटचा तानपुराच मिळाला म्हणायचा.

आमची गायिका, म्हणजे मावशी, मात्र काळी चारमध्ये गाते. तिच्या षड्जाच्या हिशेबाने काळी एक म्हणजे शुद्ध मध्यम. आमचा अभंग मालकंसातला, आणि मालकंसासाठी तानपुरा मध्यमात लावतात, तेव्हा तिथवर पंख्याचे आणि शास्त्राचे भांडण नाही. अडचण अशी की अंतरा येईपर्यंत प्रोसेसर तापतो, फेरे सत्तरेकांनी वाढतात आणि पंखा अर्धा स्वर वर, पांढरी दोनवर जातो. म्हणजे मध्यम तीव्र होतो. मालकंसात बसलेल्या बाईच्या कानाशी कोणी यमनाचा स्वर धरून बसावे, हे कोणत्याही मावशीला सहन होणार नाही. पंखा तिच्या षड्जात लावायचा तर १,७८० फेरे हवेत, आणि तेवढ्या वाऱ्यात माइकला मावशी ऐकू येणार नाही.

फेरे दुप्पट झाले की पंख्याचा आवाज ढोबळमानाने पंधरा डेसिबलने वाढतो, हे एक उपयोगी सूत्र आहे. ते उलटे वाचले की उपाय दिसतो: छोटा पंखा घाईघाईने फिरवण्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरवावा. हीटसिंकच्या पत्र्यांत साठलेली धूळ ब्रशने काढावी. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. संगणकाचा डबा माइकपासून लांब, बोळात न्यावा; यूएसबी २.० ची वायर पाच मीटरपर्यंत चालते. फक्त आवाज दाबायचा म्हणून तो गोधडीत गुंडाळू नये किंवा कपाटात कोंडू नये. त्याने सुरुवातीला शांतता मिळते, पण आतला पंखा थोड्याच वेळात तार सप्तक गाठतो.

सर्वांत गमतीचा उपाय संगणकाला थोडे मंद करण्याचा आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते, आणि शेवटच्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते. म्हणून तेवढा वेग सोडून दिला की उष्णता बरीच उतरते. विंडोजच्या बऱ्याच संगणकांवर प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्क्यांवर आणली की टर्बो, म्हणजे तो शेवटचा जादा वेग, बंद होतो. एका टक्क्याचा त्याग करून एवढी शांती मिळण्याची सोय इतरत्र कुठे असल्याचे ऐकिवात नाही.

या सगळ्या व्यवस्थेत माणसाच्या वाट्याला काही येत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना छताचा पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद. घाम पुसत मावशी म्हणाली, “अरे, त्या डब्याला दोन-दोन पंखे, आणि गाणार मी!” तिचा मुद्दा बिनतोड होता. थर्मल पेस्ट लावून हा प्रश्न सुटण्यातला नव्हता.

घरात असे खटाटोप करणाऱ्यांची परंपरा मात्र मोठी आहे. अमेरिकेत गिटारवादक लेस पॉलने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये तबकड्यांवर एकावर एक गिटारी चढवून ‘लव्हर’ हे गाणे केले. ते १९४८ मध्ये बाजारात आले. प्रत्येक थर चढवताना आधीचे सगळे एकत्र होऊन कायमचे पक्के होत होते. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकच्या टेपयंत्रांवर झाला. ट्रॅक संपले की भरलेले चार एकात उतरवायचे आणि पुढे जायचे. मागे वळायची सोय नाही, म्हणून ठरवणे भाग होते.

आमच्या डब्यात ट्रॅक हवे तितके. म्हणून टाळाला मंदिराचा घुमारा द्यावा की दिवाणखान्याचा, हे मी ठरवत नाही. दोन्ही ठेवतो. पेटीवर तीन प्रक्रिया लावून ठेवतो; नंतर पाहू. आणि मी ठरवलेले नाही म्हणून प्रोसेसर बिचारा तो घुमारा, त्या प्रक्रिया, दर ५.३ मिलिसेकंदांनी नव्याने मोजत बसतो. म्हणजे या उकाड्यातला बराचसा वाटा वैशाखाचा नसून माझ्या अनिर्णयाचा असतो.

त्यावरचा उपाय ध्वनिमुद्रणाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रीज’ नावाने असतो. ट्रॅक प्रक्रियांसकट एकदाच मोजून साठवायचा. मग संगणकाला तो फक्त वाजवायचा असतो. मी टाळ ठरवून टाकला, पेटी ठरवून टाकली, तानपुऱ्यावर ठरवण्यासारखे काही नव्हतेच. पंखा मंदावला, मध्यम पुन्हा शुद्ध झाला. मावशीनेही दुसऱ्या कडव्यातली तान बदलायची का, हा सकाळपासूनचा विचार सोडून दिला, कारण आता पेटी पक्की झाली आहे असे मी तिला सांगितले. फ्रीज केलेला ट्रॅक एका बटणाने परत वितळवता येतो, हे मात्र मी तिला अजून सांगितलेले नाही.